‘ग्रुप काढून द्या, प्रोजेक्ट होतोच’ म्हणणाऱ्यांना

कॉलेजात प्रोजेक्टचं सबमिशन जवळ आलं की हा दावा ठरलेला: ‘आजची पिढी मोबाइल हातात घेऊनच जन्मली. चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढून द्या, प्रोजेक्ट आपोआप होतो. नाही झाला तर पोरं आळशी.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी जन्माचं. ‘डिजिटल नेटिव्ह’, म्हणजे संगणक-मोबाइलच्या संगतीतच वाढलेली पिढी, हा शब्दप्रयोग अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांच्या २००१च्या लेखामुळे गाजला. बेनेट, मेटन आणि कर्व्हिन या संशोधकांनी २००८मध्ये त्यामागचा पुरावा तपासला, तो तुटपुंजा निघाला. एकाच पिढीतल्या मुलांच्या कौशल्यात मोठी तफावत दिसली. झटपट रील कापणाऱ्या मुलीला वर्डमध्ये हेडिंग स्टाइल लावून अनुक्रमणिका काढता येईलच असं नाही. ती टिंबं टाकत पानांचे आकडे हाताने लिहिते, आणि मध्ये एक आकृती घुसली की पुढचे सगळे आकडे चुकतात. तिचा हात बसलाय तो रीलवर.

आता ग्रुप. व्हॉट्सॲप निरोपाला उत्तम, पण त्यावर रिपोर्ट लिहायला गेलं की घोळ होतो, तो असा. फाइल ग्रुपवर पडते, दोघं ती आपापल्या लॅपटॉपवर उतरवतात. एक प्रस्तावना सुधारते, दुसरा निष्कर्ष, आणि दोघंही ‘फायनल’ नावाने परत टाकतात. तिसरा त्यातली खालची फाइल उघडून पुढे लिहितो आणि प्रस्तावनेतली दुरुस्ती तिथेच गडप होते. आकृत्या फोटो म्हणून पाठवल्या तर त्या आकसतात आणि ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या छापून बांधलेल्या अहवालात, अक्षरं पुसट येतात. त्या डॉक्युमेंट म्हणून पाठवायच्या. निळ्या खुणांचंही तेच. सगळ्यांनी मेसेज वाचला एवढंच त्या सांगतात. काम कोणी पत्करलं, ते नाही.

उपाय फुकट आहे. गूगल डॉक्सवर एकच फाइल, चौघांना एडिटर ॲक्सेस, ग्रुपवर फक्त लिंक. मसुदा झाला की ‘सजेस्टिंग’ मोड, म्हणजे बदल फक्त सूचना म्हणून दिसतो, दुसऱ्याच्या मजकुरावर थेट कात्री चालत नाही. प्रत्येक टप्प्याला व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्यांच्या नोंदीत, नाव द्यायचं: ‘सर्व्हे झाला’, ‘गाइडच्या (मार्गदर्शक शिक्षकांच्या) दुरुस्त्या’.

राहिला आळस. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यांनी दोर ओढायला लावून माणसांचं बळ मोजलं. १९१३मध्ये छापलेल्या त्यांच्या आकड्यांत आठ जणांच्या गटात दरडोई जोर एकट्याच्या जेमतेम निम्मा भरतो. त्यातला काही भाग ताळमेळ न जमल्याचा. पण लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये विद्यार्थ्यांना ओरडायला आणि टाळ्या वाजवायला लावलं, तेव्हा ताळमेळाचा वाटा वजा करूनही जोर कमीच भरला. १९८१मध्ये याच तिघांनी दाखवलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार हे कळलं की ही कुचराई गळून पडते. म्हणजे तीच पोरं, फक्त वाटा दिसायला हवा.

म्हणून ‘रिपोर्ट तू बघ, पीपीटी मी बघतो’ ही वाटणी नव्हेच. डॉक्सच्या पहिल्या पानावर तक्ता हवा: काम, एकाच माणसाचं नाव, तारीख. ‘सर्व्हे – सगळे’ असं लिहिलं की तो कोणीच करत नाही. तीस फॉर्म हवेत तर दहा-दहा तिघांच्या नावावर टाका आणि चौथ्याला आकडे भरायला बसवा.

गाइडना ग्रुपमध्ये घ्यावं का? घेतलं की तिथे ‘येस सर’ एवढंच उरतं, आणि खरी चर्चा सरांशिवायच्या दुसऱ्या ग्रुपवर जाते. त्यापेक्षा त्यांना डॉक्सवर कमेंटर करा, म्हणजे मजकूर न बदलता शेरे लिहिता येतील.

एक सावधगिरी मात्र गाइडनीच घ्यायची. व्हर्जन हिस्टरीत मजकूर टाकणाऱ्याचं नाव दिसतं, काम करणाऱ्याचं दिसेलच असं नाही. सर्किट जोडणारा तिथे शून्य दिसतो, इतरांचं पेस्ट करणारा हिरो. मार्क देण्याआधी तो तक्ता समोर ठेवून वायवात (तोंडी परीक्षेत) ज्याचं काम त्यालाच विचारा: हा रेझिस्टर इतक्याच ओहमचा का घेतला?