क्वीन्स काही आजच बदललेलं नाही

न्यूयॉर्कचा चेहरा गेल्या काही वर्षांतल्या स्थलांतरितांनी बदलला, हे लेखातलं विधान मला पटलं नाही. स्थलांतरितांचा वंश-देशानुसार कोटा ठरवणारी पद्धत अमेरिकेच्या 1965 च्या कायद्याने मोडीत निघाली आणि क्वीन्स हा न्यूयॉर्क शहराचा भाग तेव्हापासूनच बदलत आलाय. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सच्या ज्या देखण्या सोसायट्यांमध्ये एकेकाळी ज्यू आणि कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे, त्याच भागात पुढे कोलंबियन, इक्वेडोरियन, भारतीय आले. 74व्या रस्त्यावर साड्या नि सोन्याची दुकानं थाटली गेली. आता त्याच गल्ल्यांत बांगलादेशी किराणा आहे, तिबेटी मोमोच्या गाड्या आहेत. आपली बरीच भारतीय मंडळी तर कधीच एडिसन आणि हिक्सव्हिल या उपनगरांत गेली. पैसा आला की लोक उपनगर गाठतातच.

लेखात घरांबद्दल अवाक्षर नाही, याचं जास्त वाईट वाटलं. 2021 मध्ये आयडा वादळाच्या पावसात शहरात तळघरातल्या खोल्यांमध्ये 11 माणसं बुडून मेली, बहुतेक क्वीन्समध्येच. भाडं परवडत नाही म्हणून माणसं तिथे राहतात. कोण आलं, किती आले, याची मोजदाद करताना ती कुठे झोपतात हेही लिहा ना!