तंबाखूबंदीवरच्या त्या मेसेजला एका दंतवैद्याचं उत्तर

गावच्या ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर आणि नणंदेकडून असा तीन ठिकाणांहून मला एकच मेसेज आला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण मुद्दे ओळखीचे आहेत. तंबाखूने कॅन्सर होतो हे परदेशी खूळ आहे, आमचे आजोबा विडी ओढत नव्वदीपर्यंत जगले. सरकारची तिजोरी तंबाखूवर चालते. बंदी आली तर शेतकरी आणि विडी कामगार देशोधडीला लागतील. गुटखाबंदीचं काय झालं, भूतानचं काय झालं ते बघा. आणि मोठ्या माणसाने काय खावं-ओढावं हे सांगणारं सरकार कोण?

मी तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवते. उद्या सकाळपासून सगळी तंबाखू एकदम बंद करा, असं माझंही म्हणणं नाही. पण हा मेसेज बंदी फसते एवढं सांगून थांबत नाही, काहीच करू नका असं सुचवतो. माझं भांडण त्याच्याशी आहे.

आधी आजोबा. नव्वदीतले आजोबा ओसरीवर बसलेले दिसतात, म्हणून लक्षात राहतात. पंचावन्नाव्या वर्षी गेलेले त्यांचे विडीसोबती दिसत नाहीत. 2008 साली देशभरातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विडी ओढणारा पुरुष सरासरी 6 वर्षं, विडी ओढणारी बाई 8 वर्षं आणि सिगारेट ओढणारा पुरुष 10 वर्षं लवकर जातो, असं दिसलं. ‘परदेशी खूळ’ म्हणणाऱ्यांना तर मी आपला पुणे जिल्हाच दाखवीन. तिथल्या खेड्यांतल्या 1,01,761 माणसांची तोंडं तपासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी 1972 साली निष्कर्ष छापले. तरीही 2015 मध्ये अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी एका संसदीय समितीचे अध्यक्ष असताना म्हणाले, की तंबाखूने कॅन्सर होतो असं सांगणारा भारतीय अभ्यासच नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत आर. आर. आबा तोंडाच्या कॅन्सरने गेले होते. आबांची तंबाखूची सवय अख्ख्या महाराष्ट्राला माहीत होती.

आता माझ्या खुर्चीवरची एक गोष्ट. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला, एकोणीस वर्षांचा, गॅरेजमध्ये कामाला. तक्रार एवढीच, की मिसळ खाता येत नाही, गाल भाजल्यासारखे होतात. मी त्याला म्हटलं, तुझीच तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घाल. निरोगी माणसाची जातात, वाचता वाचता तुम्हीही करून बघा. त्याचं एक बोट आत गेलं, दुसरं दातांत अडकलं. गाल आतून पांढुरका पडला होता आणि माझ्या बोटाला सुतळीसारख्या ताठ पट्ट्या लागत होत्या. विचारलं तर म्हणाला, सातवीपासून मावा खातोय. गाल असा आवळतो तो मुख्यतः सुपारीने, आणि त्यात तंबाखू पडली की कॅन्सरचा धोका वाढतो. मावा, खर्रा, गुटखा या तिन्हींत दोन्ही एकत्र असतात. आवळलेला गाल पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. औषधांनी आणि रोजच्या व्यायामाने थोडीफार जागा होते, तेवढंच.

म्हणून ‘सिगारेटवर बंदी हवी का’ एवढाच वाद घालत बसलं, की आपल्याकडचा मूळ प्रश्न बाजूला राहतो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढत होते आणि 24.4 टक्के तंबाखू खात किंवा लावत होते. मशेरीही त्यातच आली. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा तो वास आपल्या कितीतरी घरांत सकाळी चहाच्या आधी येतो. धूर दिसत नाही, म्हणून तिला कोणी व्यसनही म्हणत नाही.

तिजोरीचा मुद्दा लवकर मिटतो. तंबाखूमुळे होणारे आजार आणि अकाली मृत्यू यांत 2017-18 या एका वर्षात देशाचं 1,77,341 कोटी रुपयांचं नुकसान झालं, तेही फक्त पस्तिशीपुढच्या माणसांचं धरून. आदल्या वर्षी तंबाखूवरच्या उत्पादन शुल्कातून आलेली रक्कम या आकड्याच्या 12.2 टक्के होती. शंभर रुपये गमावून बारा रुपये हाती येत असतील, तर त्याला तिजोरी चालवणं कसं म्हणायचं?

शेतकरी आणि विडी कामगारांचा मुद्दा मात्र मी झटकणार नाही. या मेसेजमध्ये खरं दुखणं असलेली जागा तीच आहे. पण मग पूर्ण चित्र बघू. 1981 साली निपाणीत तंबाखूचे शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर बसले ते भावासाठी. व्यापारी रास्त भाव देत नव्हते म्हणून. गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. तंबाखूने त्यांना सुखात ठेवलं होतं, असं त्या आंदोलनाकडे बघून कोण म्हणेल? पुढे त्याच भागात ऊस आणि सोयाबीन वाढलं. सोलापुरातली विडी वळणारी बाई बघा. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, मजुरी हजार विड्यांमागे. ‘छाट’ म्हणून बाद केलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, आणि दिवसभर नाकात तंबाखूची धूळ. याच बायकांनी लढून कुंभारीला 10 हजार घरांची वसाहत मिळवली. 2017 साली जीएसटी आला आणि विडी कामगारांच्या कल्याणासाठीचा उपकर रद्द झाला. त्यातूनच त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि दवाखाने चालत. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आणायचं ठरवलं. विडी स्वस्त ठेवल्याने त्या बाईचं भलं होत नाही. तिच्या मुलीला दुसरं काम शिकवायला पैसा लागतो, आणि तो विडीवरच्या करातून उभा करता येतो. बंदीला विरोध करताना जे तिचं नाव घेतात, त्यांनी ही मागणीही तिच्या नावाने करावी.

आता ‘बंदी कुठेच टिकत नाही’. हे अर्धं खरं आहे. भूतानने 2004 साली विक्री बंद केली. सीमेपलीकडून पुड्या येतच राहिल्या. 2011 मध्ये खाण्याच्या तंबाखूच्या 72 पुड्यांपायी एका तरुण भिक्खूला 3 वर्षांची शिक्षा झाली, आणि 2021 मध्ये देशाने बंदी उठवली. खाणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणारी बंदी मला नको, याचं हेच कारण. महाराष्ट्रात जुलै 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, आणि तो मिळतो हेही सगळ्यांना माहीत आहे. कंपन्यांनी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घातली. गिऱ्हाईक तळहातावर दोन्ही एकत्र करतं. पण मेसेजमध्ये नसलेली गोष्ट अशी: 2009-10 आणि 2016-17 या दोन पाहण्यांच्या मधल्या काळात राज्यात तंबाखूचं एकूण प्रमाण 31.4 टक्क्यांवरून 26.6 वर आलं. ते सगळं श्रेय मी गुटखाबंदीला देणार नाही. पण काहीच झालं नाही, हे म्हणणं खोटं आहे. वाढ झाली ती नेमकी 15 ते 17 वयाच्या मुलांत, 2.9 वरून 5.5 टक्के. म्हणजे भोक कुठे आहे ते दिसतंय.

ते बुजवण्याचे प्रयत्न इतरत्र झालेत. न्यूझीलंडने 2009 पासून जन्मलेल्यांना आयुष्यभर सिगारेट विकायची नाही असा कायदा केला. तो लागू होण्याआधीच नव्या सरकारने 2024 मध्ये मागे घेतला. मालदीवने 1 नोव्हेंबर 2025 पासून 2007 आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तंबाखूच बंद केली. आज खाणाऱ्याला तुरुंगात न टाकता नवा खाणारा तयार होऊ द्यायचा नाही, ही वाट मला आपल्यासाठी पटते.

शेवटचा मुद्दा, मोठ्या माणसाची मर्जी. माझ्या त्या पेशंटने पहिली पुडी घेतली तेव्हा तो सातवीत होता. मोठा माणूस त्या व्यवहारात एकच होता, टपरीवरचा. लहान मुलाला तंबाखू देणाऱ्याला बालन्याय कायद्यात 7 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. शाळेपासून 100 यार्डांच्या आत विक्रीला 2003 च्या कायद्याने मनाई आहे. दिवाळीनंतर मी आणि तो मुलगा ज्या शाळेत होता तिथल्या एका बाईंनी टेप घेऊन शाळेच्या फाटकापासून अंतर मोजलं. 100 यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर. पहिली टपरी 22 मीटरवर निघाली, दुसरी 40 वर. दुसऱ्या टपरीत मावा घोटून छोट्या प्लास्टिकमध्ये बांधून डब्यात ठेवलेला होता, आणि डबा काउंटरच्या खालच्या फळीवर होता, सातवीतल्या मुलाचा हात सहज पोचेल एवढ्या उंचीवर. त्या आकड्यांचा अर्ज आम्ही ग्रामसभेत दिला आहे.

मुलगा दर महिन्याला येतो. आता दुसरं बोट आत जातं.