गोळी बंद करा, असं आम्ही कुणालाच सांगत नाही

नमस्कार साहेब,

तुमची साखर वाढली, मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. आमच्या गुडमार चूर्णाला (मधुमेहात घेतात त्या वनस्पतीची पूड) अभिप्रायात एकच स्टार दिलात, तोही मान्य. पण 'यांच्या सांगण्यावरून मधुमेहाची गोळी सोडली, तीन आठवड्यांत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ७.२ चं ७.८ झालं, शुद्ध फसवणूक' हे वाचून घास गिळवेना. नवं गिऱ्हाईक आधी हेच वाचतं हो.

गुडमार चूर्णाच्या डबीवर लाल अक्षरांत छापलंय, 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध बंद करू नये.' फोनवरही मी तेच बोललो होतो. त्यावर तुम्ही म्हणालात, "मेटफॉर्मिन म्हणजे केमिकल, मला नैसर्गिकच पाहिजे." वाद नको म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता सांगतो, त्या गोळीचं मूळही झाडपाल्यातच आहे. गॅलेगा नावाची शेंगवर्गातली एक वनस्पती. तिच्यातल्या गॅलेजिनने साखर उतरायची, पण ते अंगाला बाधायचं. त्याच्याच जातकुळीतलं, पण सोसवणारं रसायन म्हणजे मेटफॉर्मिन. ते १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये मधुमेहावरचं औषध म्हणून पुढे आलं. लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या ग्लिफ्लोझिन गोळ्यांची सुरुवातही सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरिझिनपासून झाली. म्हणजे तुम्ही जी सोडलीत तीही एका अर्थी वनस्पतीचीच, शिवाय मात्रा ठरलेली आणि हजारो रुग्णांवर पारखलेली. आमच्या चूर्णाची तेवढी पारख झालेली नाही, हे चूर्ण विकणारा मीच लिहितोय!

एचबीएवनसी म्हणजे साधारण दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब. तीन आठवड्यांत चूर्णाचा निकाल लागत नाही. त्यात त्याच दिवसांत गोळी सुटलेली. मग आकडा वाढल्याचं खापर एकट्या चूर्णावर का?

'साखर तोंडात वाळूसारखी लागली, भेसळ आहे' असंही तुम्ही लिहिलंय. साहेब, गुडमार अस्सल असल्याची ती खूण. त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेवर गोड ओळखणाऱ्या जागा अडवतात, काही वेळ गोड कळतच नाही. भेसळीच्या चूर्णाने एवढं झालं नसतं. (मधुमेहात साखर तोंडात टाकलीत कशाला, ते विचारत नाही.) अर्थात जिभेवर गुण दिसला म्हणून रक्तातली साखर उतरलीच, असा दावा आम्ही करत नाही.

डबीवरची सूचना आणखी ठळक करायचं बघतोय, फोनवरही जास्त वेळ देऊ. उरलेलं चूर्ण परत पाठवा, पैसे देतो. पण त्याआधी डॉक्टरांना भेटा, आणि चूर्ण घेतल्याचं त्यांना आवर्जून सांगा, कारण गोळी आणि चूर्ण सोबत घेतल्याने काहींची साखर नको तेवढी खाली जाऊ शकते.

आणि जमलं तर अभिप्रायातलं 'यांच्या सांगण्यावरून' एवढं तरी काढा. स्टार एकच राहू द्या.