सोळाच्या आत व्हॉट्सअ‍ॅप वापरलं तर पालकांना दंड? नाही!

मेलबर्न-सिडनीतल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘सोळा वर्षांखालच्या मुलाच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सापडलं तर आईवडिलांना दंड.’ हे साफ खोटं आहे.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूब वगैरेंवर खातं ठेवता येत नाही. दंड होतो तो कंपनीला, ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना नाही, पालकांनाही नाही. व्हॉट्सअ‍ॅप त्या यादीत घेतलेलं नाही. यूट्यूबही लॉगइन न करता पाहता येतं. मात्र ‘आमची परवानगी आहे’ म्हणून इन्स्टाचं खातं चालू राहत नाही, हे खरं.

तेव्हा घाबरून पोरांचा फोन कपाटात टाकू नका. स्नॅपचॅटवरचा कंपू तुटला की ‘शनिवारी कुठे भेटायचं’ हेच कळेनासं होतं. वर्गमित्रांचे नंबर अनेकांकडे नसतातच. ते मागून घ्यायला सांगा. आणि गाडी काढा. इथे चौदा वर्षांच्या पोराची निम्मी मैत्री आईबाबांच्या ड्रायव्हिंगवर चालते! ढोलपथकाच्या सरावाला नेताना त्याच्या एखाद्या मित्रालाही मागच्या सीटवर बसवा, मराठी असो वा नसो.