कुत्रा, लांडगा आणि घरातला म्होरक्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कुत्रा आणि लांडगा एकाच प्रजातीचे, फरक फक्त वळणाचा. लांडग्याचं पिल्लू मायेनं वाढवलं की त्याचा कुत्रा होतो. लांडग्याला बोटाची खूण कळत नाही, हे मी लिहिलेलं साफ चूक. कुत्रा मुळात लांडगाच असल्यामुळे घरात म्होरक्या आपण असायला हवं. म्हणजे आधी आपण जेवायचं, मग त्याला द्यायचं, आणि ऐकलं नाही तर उताणं पाडून निपचित होईपर्यंत दाबून धरायचं. शेवटी तुम्ही विचारलंय की माळावर लांडग्याची पिल्लं सापडली तर पाळायला काय हरकत आहे?

बोटाच्या खुणेचं आधी मिटवतो. तिथे तुम्ही बरोबर आहात, माझं वाक्य फार सरधोपट झालं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ‘वुल्फ पार्क’मधले माणसाळलेले लांडगे बोट दाखवलेल्या भांड्याकडे व्यवस्थित जातात. २००८ साली छापून आलेल्या प्रयोगात त्यांनी निवाऱ्यातल्या कुत्र्यांनाही मागे टाकलं होतं. स्टॉकहोममध्ये लांडग्याच्या १३ पिल्लांपैकी तिघांनी तर अनोळखी माणसाला चेंडू आणून दिला, कुणी शिकवलेलं नसताना. तेव्हा ‘कळत नाही’ हे शब्द मी मागे घेतो.

पण त्यावरून ‘फरक फक्त वळणाचा’ हे सिद्ध होत नाही. मिनेसोटात लांडग्याची ३७ पिल्लं दहा-अकरा दिवसांची असल्यापासून रात्रंदिवस माणसांच्या अंगाखांद्यावर वाढवली. त्यांच्याशी तुलना केली ती कुत्र्याच्या ४४ पिल्लांची, आणि ही बहुतेक आपल्या आईजवळ, भावंडांत वाढत होती. म्हणजे मायेचं पारडं पूर्णपणे लांडग्यांच्या बाजूला झुकलेलं. तरीही अनोळखी माणसाजवळ आपणहून जाण्याची शक्यता कुत्र्याच्या पिल्लांत ३० पट जास्त निघाली. २०२१ सालचा हा अभ्यास तुमच्या मुद्द्याला सरळ उत्तर आहे.

असं का होतं, हे पाहण्यासारखं आहे. दोन्ही पिल्लांना वास साधारण दोन आठवड्यांनी येऊ लागतो, ऐकू चार आठवड्यांनी, नीट दिसतं सहा आठवड्यांनी. वेळापत्रक जवळजवळ सारखंच. फरक पायांत आहे. लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की आजूबाजूला धुंडाळायला लागतं, कुत्र्याचं पिल्लू त्यासाठी चार आठवडे घेतं. म्हणजे लांडग्याचं पिल्लू जग ओळखतं ते निव्वळ नाकानं. त्याची ओळखीची यादी तयार होत असते तेव्हा त्याला धड ऐकू येत नाही, धड दिसत नाही. पुढे आवाज आणि दृश्यं येतात ती दचकवणारी म्हणून, आणि तोवर अनोळखी गोष्टीची भीती जागी झालेली असते. कुत्र्याच्या पिल्लाची ही यादी साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत उघडी राहते, आणि त्यातला मोठा काळ कान-डोळे दोन्ही चालू असतात. म्हणून लांडगा माणसाळवायचा तर पिल्लू दहा-पंधरा दिवसांच्या आत आईपासून वेगळं करावं लागतं आणि पुढे कित्येक आठवडे चोवीस तास माणूस सोबत लागतो. कुत्र्याच्या पिल्लाला दिवसातला थोडासा सहवासही पुरतो.

दुसरा फरक अडचणीत दिसतो. बुडापेस्टमध्ये आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातावर वाढवलेल्या लांडग्यांना आणि कुत्र्यांना दोरी ओढून मांस काढायला शिकवलं, आणि मग दोरी गुपचूप बांधून टाकली. कुत्रे थोडा वेळ ओढून माणसाच्या तोंडाकडे बघू लागले. लांडगे ओढतच राहिले. २००३ सालचा हा प्रयोग मला बाकी सगळ्यांपेक्षा बोलका वाटतो. यात हुशारीचा प्रश्नच नाही. अडल्यावर नजर कुठे जाते एवढाच आहे.

आता म्होरक्याकडे येऊ, कारण इथे तुमचा सल्ला घातक आहे. ही कल्पना रूढ झाली ती प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतून. ते लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातले, एका आवारात कोंडलेले. तिथे मारामाऱ्या झाल्या नसत्या तरच नवल. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांनी आपल्या १९७० सालच्या पुस्तकात तीच कल्पना घेतली. मग कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे रानातला कळप जवळून पाहिल्यावर १९९९ साली त्यांनीच ती खोडून काढली. रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि गेल्या एक-दोन विणींची मुलं. गादीसाठी लढाई नाही. मुलं मोठी झाली की आपला जोडीदार शोधायला निघून जातात.

खाण्याचं तर तुम्ही समजता त्याच्या उलट आहे. व्हिएन्नाजवळ एर्न्स्टब्रुनच्या संशोधन केंद्रात लांडगे आणि कुत्रे अगदी एकसारखे वाढवलेले आहेत. दोघांना मिळून एकच मांसाचा तुकडा दिला तर लांडग्यांतला दुबळाही गुरगुरत, हुज्जत घालत सोबत खातो. कुत्र्यांतला दुबळा मात्र लांबच उभा राहतो. तेव्हा तुम्ही आधी जेवा नाहीतर नंतर जेवा, कुत्र्याला त्यातून एवढंच कळतं की जेवण अजून यायचंय.

उताणं पाडण्याबद्दल : लांडग्यांत नमतं घेणारा स्वतःहून उताणा होतो, त्याला कुणी पाडत नाही. बळजबरीनं पाडलेल्या कुत्र्याला समजतं की जिवावर बेतलंय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९ सालच्या पाहणीत हा प्रकार करून पाहणाऱ्या मालकांपैकी ३१ टक्क्यांच्या कुत्र्यांनी आक्रमक उत्तर दिलं. आणि जो कुत्रा निपचित पडतो, तो समजलेला नसतो, गोठलेला असतो. गुरगुरण्याबद्दल मार बसत गेला की पुढे तो न गुरगुरताच चावतो.

त्याऐवजी करायचं काय? ताटलीवर गुरगुरत असेल तर ताटली ओढू नका. तो जिथे ताठरतो त्याच्या दोन पावलं अलीकडे थांबून उकडलेल्या चिकनचा तुकडा ताटलीकडे टाका आणि मागे फिरा. तुम्हाला बघून शेपटी सैल हलू लागली की एक पाऊल पुढे. घाई केली की हमखास बिघडतं. पिल्लू असेल तर बारा आठवड्यांची मुदत वाया घालवू नका. सगळ्या लसी होईपर्यंत घरातच कोंडा, हा सल्ला अर्धा बरोबर आहे : पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराच्या भीतीनं त्याला रस्त्यावर खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन रोज दहा मिनिटं बाहेर न्या. हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, रिक्षा, लहान मुलं दिसू देत. घरात कुकरची शिट्टी आणि मोबाइलवर बारीक आवाजात फटाके. दचकलं तर अंतर वाढवा.

राहिला माळाचा प्रश्न. भारतीय लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचं पिल्लू घरी ठेवणं गुन्हा आहे. हिवाळ्यात बिळाशी पिल्लं एकटी दिसली म्हणजे ती पोरकी झाली असं नाही. आई-बाप शिकारीला गेलेले असतात, आणि बापसुद्धा पोटात मांस आणून पिल्लांपुढे ओकतो. गावठी कुत्र्यांत बाप हे क्वचितच करतो. लांडगीची वीण वर्षातून एकदाच, कुत्रीची बहुधा दोनदा. त्यामुळे एक बीळ मोडलं की त्या जोडीचं वर्ष गेलं. पुण्याजवळच्या माळांवर फिकट पिवळसर दिसणारे प्राणी लांडगा-कुत्रा संकर असल्याचं २०२३ साली जनुकीय तपासणीतून दाखवलं गेलं आहे. एकाच प्रजातीचे असण्याचा तुमचा मुद्दा तिथे खरा ठरतो, आणि लांडग्यांच्या मुळावरही येतो. पिल्लं दिसली तर हात न लावता लांब व्हा, कुत्री सोबत असतील तर बांधा, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.