व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया : आपल्या तक्रारीला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की वडील मेंदूच्या झटक्यासाठी ॲडमिट झाले आणि न्यूमोनिया इथे झाला, चार दिवस मशीनचे पाईप बदलले नाहीत, रोज सकाळी झोपेचं औषध बंद करून त्यांना तळमळत ठेवलं, आणि सिस्टरनी अंबाबाईचं तीर्थ तोंडात घालू दिलं नाही.

पहिली गोष्ट आम्ही नाकारत नाही. मशीनवर ठेवण्यासाठी तोंडातून श्वासनलिकेत नळी घातल्यावर 48 तासांनंतर होणारा न्यूमोनिया व्हेंटिलेटरशी जोडलेलाच धरतात. निदान झालं त्याच दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला बसवून हे सांगायला हवं होतं. ते झालं नाही, त्याबद्दल माफी मागतो.

पण जंतू बहुतेक वेळा पाईपातून नाही, पेशंटच्या तोंडाघशातून उतरतात. नळी स्वरयंत्रातून जाते, त्यामुळे धड खोकता येत नाही. नळीच्या टोकाजवळ एक फुगा असतो. लाळ त्याच्यावर साचते आणि फुग्याच्या चुण्यांमधून थोडी थोडी खाली झिरपते. फुग्यातला दाब पाण्याच्या 20 ते 30 सेंटिमीटर एवढा ठेवायचा. कमी पडला की गळती, वाढला की श्वासनलिकेला इजा. बोटांनी दाबून तो कळत नाही, म्हणून आमच्याकडे दर शिफ्टला मीटर लावतात. तरीही झिरपणं पूर्ण थांबत नाही. तीर्थाचा चमचाही त्या फुग्यावरच जाऊन बसला असता. कपाळाला लावायला मात्र काहीच हरकत नव्हती, आणि हे सिस्टरनी नीट सांगायला हवं होतं.

पाईप ठरावीक दिवसांनी बदलून न्यूमोनिया कमी होत नाही. खराब दिसले किंवा बिघडले तरच बदलायचे. त्यात साचणारं पाणी पेशंटकडे वळू नये, म्हणून कूस बदलण्याआधी ते काढून टाकायचं, हे जास्त महत्त्वाचं.

झोपेचं औषध थांबवतात ते पेशंट स्वतः श्वास घेतोय का हे बघायला. नळी एक दिवस आधी निघाली तर धोका एक दिवसाने कमी. ती तळमळ बघवत नाही, हे आम्हालाही कळतं.

एक विनंती इतर नातेवाइकांनाही: मान अवघडलीय वाटून कॉट खाली करू नका. डोकं 30 ते 45 अंश वर ठेवलेलं असतं ते पोटातलं अन्न घशात येऊ नये म्हणून.

वडिलांचे रिपोर्ट इथे उघड लिहिणं योग्य नाही. फुग्याच्या दाबाच्या नोंदी आणि कफाचा कल्चर रिपोर्ट (कफात कोणते जंतू वाढले ते सांगणारा) यांसह सगळे केसपेपर लेखी मागा. नियमाप्रमाणे 72 तासांत मिळतील. एखाद्या शिफ्टची नोंद कोरी दिसली, तर ती घेऊन थेट माझ्याकडे या.