मामा, ते कलम २०१५ सालीच मेलं

माझा मामा चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. दर रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर तो स्वतः काढलेलं एक व्यंगचित्र टाकतो. टाकायचा, असं म्हणायला हवं. मागच्या आठवड्यात त्याने घरातल्या एकेकाला फोन केले आणि ‘माझी चित्रं तुमच्या फोनमधून पुसून टाका’ म्हणून अक्षरशः अजिजी केली. सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत केव्हाच उलटली होती, म्हणून हा फोनचा खटाटोप. पुसायला सांगितलेल्या चित्रांत माझं सर्वांत आवडतं होतं: एकाच पुलाचं तिसऱ्यांदा उद्घाटन, आणि मंत्र्याच्या हातातली फीत कापायची कात्री गंजलेली.

कारण विचारलं तर त्याने एक फॉरवर्ड पाठवला. वर ‘कायदेतज्ज्ञांचा इशारा’, खाली नाव कुणाचंच नाही. घटनात्मक पदावरच्या व्यक्तीचं व्यंगचित्र काढणं किंवा पुढे पाठवणं हा कलम ६६अ खाली ३ वर्षं कैदेचा गुन्हा आहे. ग्रुप ॲडमिन पहिला आरोपी. मेसेजवर लाल खुणा दिसल्या तर सरकारने कारवाई सुरू केली समजा. कुणाच्याही भावना दुखावल्या की गुन्हा झालाच. आणि शेवटी, मोठ्यांची टिंगल ही आपली संस्कृतीच नाही.

आधी लाल खुणांचं उरकून टाकते. व्हॉट्सॲपवर लाल खूण नावाची गोष्टच नाही. हे खोटं असल्याचं खुद्द सरकारच्या पीआयबीनेही (पत्र सूचना कार्यालयाने) सांगून झालंय. मेसेज पोलिसांपर्यंत जातो तो ग्रुपमधल्याच कुणीतरी स्क्रीनशॉट नेऊन दिल्यामुळे. घाबरायचंच असेल तर त्या नातेवाइकाला घाबरा.

ॲडमिनचंही फार लांबवत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही. दोघांनी मिळून तसं ठरवलं होतं, हे दाखवावं लागतं.

आता ६६अ. माहिती तंत्रज्ञान कायद्यात हे कलम २००८च्या दुरुस्तीने आलं. इंटरनेटवरून ‘अतिशय आक्षेपार्ह’ किंवा त्रासदायक काही पाठवलं तर ३ वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह म्हणजे काय, ते कुठेच लिहिलेलं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. ते पाहून श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम अख्खंच्या अख्खं घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे ‘इशारा’ लिहिणाऱ्या कायदेतज्ज्ञाला ज्या कलमाची धमकी द्यावीशी वाटली, ते कलम अस्तित्वातच नाही.

इथे मला नाइलाजाने अर्धं पाऊल मागे घ्यावं लागतं. कलम मेलं, पण त्याचं भूत पोलीस ठाण्यांत फिरत राहिलं. निकालानंतरही ६६अ खाली गुन्हे नोंदवले जात होते, इतके की ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला: या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. कोलकात्याच्या जाधवपूर विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना मुख्यमंत्र्यांवरचं एक चित्र ई-मेलने पुढे पाठवल्याबद्दल एप्रिल २०१२ मध्ये अटक झाली होती. त्यांची खटल्यातून सुटका झाली जानेवारी २०२३ मध्ये. पावणेअकरा वर्षं! तेव्हा ‘गुन्हाच नाही, मग भीती कसली’ असं मी मामाला सांगणार नाही. पण चित्र काढणं गुन्हा आहे, असं म्हणणं वेगळं आणि यंत्रणा चुकीचा गुन्हा लावून छळू शकते, असं म्हणणं वेगळं. पहिलं ऐकून माणूस चित्र पुसतो, दुसरं ऐकून वकिलाचा नंबर शोधतो. या फॉरवर्डने नेमकी ही गल्लत केली आहे.

भावना दुखावल्याचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो खरा वाटतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये (जुन्या दंड संहितेतलं २९५अ) धार्मिक भावनांबद्दलचा गुन्हा आहे, आणि तिथेही ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ हे शब्द आहेत. धार्मिक भावना. नेत्याच्या चाहत्याला वाईट वाटलं, हा गुन्हा नाही. राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर बंधन घालायची कारणं मोजून दिली आहेत: देशाची सार्वभौमता, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. ‘साहेबांना राग येणं’ मी दोनदा शोधलं. सापडलं नाही.

आणि कुणाच्या मापाने मोजायचं? याचं उत्तर १९४६ साली नागपूरच्याच उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी देऊन ठेवलंय. शब्दांचा परिणाम समंजस, कणखर, धीट माणसाला समोर धरून ठरवायचा. ज्याला प्रत्येक वाक्यात संकट दिसतं अशा डळमळीत माणसाला धरून नाही. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातेत नोंदवलेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच माप पुन्हा वापरलं. कविता, नाटक, चित्रपट, व्यंग यांनी माणसाचं जगणं अधिक अर्थपूर्ण होतं, असंही त्या निकालात आहे. शिवाय बोलण्या-लिहिण्याच्या ज्या गुन्ह्यांना ३ ते ७ वर्षांची शिक्षा आहे, त्यांत आधी प्राथमिक चौकशी करावी, असं पोलिसांना सांगितलंय. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा एक निकाल वाचला असता तरी त्याचा अर्धा मजकूर गळाला असता.

सगळंच मोकळं रान आहे, असं मात्र नाही. न्याय संहितेतलं बदनामीचं कलम ३५६ जिवंत आहे, त्यात २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्यात पोलीस वॉरंटशिवाय उचलून नेत नाहीत, ज्याची बदनामी झाली त्याला न्यायालयात तक्रार करावी लागते. आणि मराठी माणसाला टोचणारा एक निकाल आहेच. गांधीजी भेटल्याची कल्पना करून लिहिलेली एक कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या नियतकालिकात छापली गेली. ६६अ रद्द केल्यावर दोन महिन्यांच्या आत, मे २०१५ मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालताना कवीला मोकळीक कमी. माफी मागितलेला प्रकाशक सुटला, कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं. मला हा निकाल पटत नाही, पण तो आहे. मामाची कात्री त्यात कुठेही बसत नाही.

राहिली संस्कृती. अकराव्या शतकात काश्मीरचा क्षेमेंद्र संस्कृतात सरकारी कारकुनांच्या लाचखोरीची साल काढत होता. एकनाथांची भारुडं आहेत, तमाशातला सोंगाड्या राजाच्या तोंडावर राजाला टोमणे मारतो. शि. म. परांजपे आपल्या ‘काळ’ साप्ताहिकामध्ये इंग्रजांची अशी काही ‘स्तुती’ करायचे की वाचणारा पोट धरून हसायचा. १९०८ साली त्यांना राजद्रोहाखाली १९ महिन्यांची शिक्षा झाली. ते राजद्रोहाचं कलम १८७० साली दंड संहितेत इंग्रजांनी घातलं. तेव्हा परकं काय आहे, ते संस्कृतीवाल्यांनी जरा नीट पाहावं.

मी चित्रं पुसली नव्हती. काल रात्री गंजलेल्या कात्रीचं चित्र मी ग्रुपवर परत टाकलं, खाली मामाचं नाव लिहून. पाच मिनिटांत त्याचा वेगळा मेसेज आला: ‘ॲडमिनला विचारलंस का?’

ॲडमिन मामी आहे. तिने तोवर हसण्याचे तीन चेहरे टाकले होते.